तिऱ्हाईत

"आज फार डिस्पॅशनेट होतीस गं," आत्या म्हणाली आणि तिने गाडीची काच वर केली.

काच वर गेली नसती तर मी तिथेच विचारलं असतं, म्हणजे काय गं? पण आतेभावाला अंधार पडायच्या आत सातारा गाठायचं होतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी वाड्याच्या दारात हातात वही घेऊन उभी राहिले. ती शाबासकी होती की टोमणा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुण्याला आल्यावरही कळलं नाही. भाजी निवडताना, सिग्नलला थांबलेली असताना, रात्री दिवा मालवल्यावर तो शब्द खड्यासारखा चपलेत टोचत राहिला. आत्याने साताऱ्याच्या एका शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. उगाच इंग्रजी फेकणाऱ्यांतली ती नाही. उलट कुणी 'बोअर झालं' म्हटलं तरी ती 'कंटाळा आला म्हण' असं सांगते. अशी बाई घरातल्या घरात, भाचीशी बोलताना एवढा लांबलचक इंग्रजी शब्द काढते, तेव्हा दोनच शक्यता असतात. एक, तिला मराठी शब्द सुचत नाही. दोन, सुचलेला असतो, पण तो तोंडावर म्हणायचा नसतो.

झालं होतं ते असं. वाईचा वाडा पाडायला जाणार होता. जागेच्या पैशांची वाटणी वकिलाने एका दुपारी केली, तिला कुणी हूं की चूं केलं नाही. भांड्यांना मात्र दोन दिवस लागले. हंडे, कळश्या, पातेली, बंब, पितळी डब्यांची उतरंड, पुरणयंत्र, सोऱ्या, खलबत्ते दोन, पाट अकरा. वाटेकरी तीन: काका, आत्या आणि बाबांच्या जागी माझा भाऊ. मी आधीच सांगून टाकलं होतं की माझ्या टू बीएचकेत हंडा ठेवायचा तर आम्हाला जिन्यात झोपावं लागेल. म्हणून काकाच म्हणाले, "हिलाच बसवा मध्ये. ही कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी वहीत सगळ्या वस्तूंना नंबर घातले, तेवढ्या चिठ्ठ्या केल्या, त्या पुरणाच्या पातेल्यात टाकल्या. एकेकाने पाळीपाळीने चिठ्ठी उचलायची, मी नंबर बघून वहीतून वस्तूचं नाव वाचायचं. कुणाला तक्रारीला जागाच राहू नये अशी ती व्यवस्था होती, आणि मला तिचा थोडा अभिमानही वाटत होता.

त्यात एक घंगाळ होतं. तांब्याचं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या, एका अंगाला चांगला ओंजळभर पोचा. आत्या पाच वर्षांची असताना त्यात बसून जिन्यावरून घसरली होती, त्याचा तो पोचा. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगितली गेली आहे. ते घंगाळ आत्याचं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. आदल्या रात्री यादी करताना घंगाळापाशी माझा हात थांबला होता. हे यादीत नकोच, बाजूला ठेवू, असं मनात आलं होतं. मग वाटलं, एक वस्तू बाजूला काढली की दुसरी निघते. काकूंचं देवघरातलं तबक निघेल, भावाचा अडकित्ता निघेल. मी घंगाळ लिहिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी चिठ्ठी उचलली, मी वही बघितली आणि वाचलं, "घंगाळ, तांब्याचं, एक." आत्याने माझ्याकडे पाहिलं. काकांकडे नाही, घंगाळाकडे नाही, माझ्याकडे. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी का बांधत असावेत ते मला त्या क्षणी कळलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयात तिचा नवा पुतळा बसवलाय, त्याच्या डोळ्यांवर पट्टी नाही. चांगलं आहे, पण त्या पट्टीने देवतेची बरीच सोय होत असणार. माझ्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. मी बघितलं आणि म्हटलं, "पुढची चिठ्ठी."

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे एखादा शब्द टोचायला लागला की मी कोश उघडते. डॉक्टरने स्वतःच स्वतःला औषध द्यावं तसा हा प्रकार, पण सवय जात नाही. इंग्रजी-मराठी कोशांत या शब्दापुढे निर्विकार, भावनारहित, शांत, निःपक्षपाती अशी ओळ असते. चार शब्द, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. निर्विकार म्हटलं की मला समाधी लावलेला साधू दिसतो. भावनारहित म्हटलं की फ्रीज. निःपक्षपाती शब्दाला सरकारी शिक्क्याचा वास आहे, तो निवडणुकीच्या दिवसांतच बाहेर पडतो. आत्याला यातलं काय म्हणायचं होतं?

मूळ शब्द 'पॅशन'. आजकाल ज्याच्या त्याच्या प्रोफाइलवर तो पडलेला असतो; कुणी मार्केटिंगबद्दल पॅशनेट असतं, कुणी पनीरबद्दल, आणि काकांच्या नातवाकडे तर या नावाची मोटरसायकलच आहे. या गर्दीत 'डिस्पॅशनेट' म्हणवून घेणं म्हणजे नापास झाल्यासारखंच. पण लॅटिनमध्ये हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ आवड नव्हे, उत्कटताही नव्हे. त्याचा अर्थ सोसणं. येशूचं क्रुसावरचं सोसणं ते पॅशन. जो सोसतो तो पेशंट. दुसऱ्याबरोबर सोसणं म्हणजे कम्पॅशन, करुणा. सगळी एका घरातली भावंडं. आणि याच घरातून 'मी नाही बाबा सोसत' असं म्हणून बाहेर पडलेला तो डिस्पॅशनेट. हे मला आत्यानेच खूप वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि तेही शब्दकोशातून नव्हे, वेलावरून. वाड्याच्या न्हाणीघरावर कृष्णकमळाचा वेल होता. पावसाळ्यात तो फुलला की आजी आम्हाला फूल हातात देऊन दाखवायची: हे बाहेरचे जांभळे तंतू शंभर कौरव, हे पाच पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश. आत्या म्हणायची, "आई, इंग्रजीत याला पॅशन फ्लॉवर म्हणतात. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मिशनऱ्यांना यात काट्यांचा मुकुट दिसला, तीन खिळे दिसले आणि पाच जखमा." आजी फूल उलटंपालटं करून बघायची आणि म्हणायची, "असेल. त्यांना त्यांचं दुःख दिसलं, आपल्याला आपलं." त्या वेलाखालीच घंगाळ असायचं.

वेल आता नाही. न्हाणीघरही एव्हाना पडलं असेल.

आजीचं मला राहून राहून आठवत होतं, कारण वाटणी हे खरं तर तिचं खातं. शेजारून चीक आला की ती खरवस करायची. वेलची-जायफळाचा तो वास ओसरीपर्यंत यायचा आणि आम्ही सात-आठ पोरं ताटाभोवती कोंडाळं करून बसायचो. आजी सुरीने वड्या पाडायची, त्या कधीच सारख्या नसायच्या. कडेचा घट्ट तुकडा एकाला, मधला लुसलुशीत दुसऱ्याला. ज्याला ताप येऊन गेला त्याला दोन. ज्याने त्या दिवशी मार खाल्ला त्याला दोन. मापात बघितलं तर ढळढळीत अन्याय होता, आणि तरी आमच्यातलं कुणी कधी 'मला कमी' म्हटल्याचं आठवत नाही. आजीला कुणी डिस्पॅशनेट म्हटलं नसतं. ती उघड उघड पक्षपाती होती, फक्त तिचा पक्ष रोज बदलायचा. माझ्याकडे वही होती, नंबर होते, चिठ्ठ्या होत्या. आजीला त्यातलं काहीच लागलं नाही. यावरून लगेच आजी बरोबर आणि मी चूक असं मी म्हणणार नाही. आजीचे वाटेकरी सहा-सात वर्षांचे होते. साठी-सत्तरीच्या तीन घरांपुढे तिनेसुद्धा चिठ्ठ्याच टाकल्या असत्या, असं मी स्वतःला सांगते.

बाबांच्या शेवटच्या दिवसांत आयसीयूत एक डॉक्टर होते. रोज संध्याकाळी बाहेर यायचे आणि एका सुरात सांगायचे: क्रिएटिनिन इतकं, ऑक्सिजन इतका, पुढचे अठ्ठेचाळीस तास बघू. आवाज वर नाही, खाली नाही. मला त्या आवाजाचा आधार वाटायचा. सगळे नातेवाईक एकतर रडत होते नाहीतर 'काही होत नाही' म्हणत होते, आणि मला दोन्हींचा धाक वाटत होता. तो सपाट आवाज तेवढा कठड्यासारखा होता. आईने मात्र त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही. "चेहऱ्यावरची माशी हलली नाही मेल्याच्या," असं ती आजही म्हणते. तोच माणूस, तीच वाक्यं, आम्ही दोघी एकाच बाकावर बसून ऐकत होतो. विल्यम ऑस्लर या नावाजलेल्या डॉक्टरांनी १८८९ साली पेनसिल्व्हेनियातल्या नव्या डॉक्टरांना निरोप देताना सांगितलं होतं की वैद्याच्या अंगी सर्वांत आधी हवी ती अविचल वृत्ती. काहीही समोर आलं तरी चेहरा ढळता कामा नये. ते भाषण डॉक्टर मंडळी अजून आठवतात. त्या चेहऱ्यासमोरच्या बाकावर कोण बसलंय, त्यावर बरंच काही ठरतं, एवढं मात्र आईकडे बघून मला कळलं.

मी या वृत्तीचे पैसे घेते, हेही इथे सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासप्रकल्पासाठी मी मुलाखतींचं भाषांतर केलं. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या शेतकरी बायकांच्या मुलाखती होत्या. काम देतानाच नियम सांगितले होते: शब्दाला शब्द, आपलं काही घालायचं नाही, थांबल्या तर कंसात विराम लिहायचं, रडल्या तर कंसात रडणं. मी हेडफोन लावून बसायचे. एक बाई बोलता बोलता गप्प व्हायची, पाठीमागे शेळी ओरडायची, मग ती एकदम विचारायची, "चहा टाकू का तुमाला?" मी चहाचं वाक्य लिहायचे, त्याच्या आधी कंस. प्रत पाठवली तेव्हा मला 'काम अतिशय नेटकं' असं कळवलं गेलं. ते वाचून बरं वाटलं. बरं वाटल्याचं थोडं विचित्रही वाटलं. त्याच प्रकल्पाची एक प्रश्नावली होती, तिच्यात पाच पर्याय होते आणि मधल्याला मी 'तटस्थ' लिहिलं होतं. गावातून फिरून आलेली मुलगी हसत सांगत होती की एक आजी म्हणाल्या, "तटस्थ म्हंजी? मला काय वाटत न्हाई असं लिव्हतीस व्हय? वाटतं की. पर सांगायचं न्हाई." त्या आजींनी चौदा शब्दांत माझा पर्याय मोडीत काढला. आम्ही तो बदलला नाही, कारण प्रश्नावली छापून झाली होती.

तटस्थ. तटावर उभा असलेला. कृष्णेकाठी वाढलेल्या माणसाला हा शब्द वापरताना जरा सांभाळावं लागतं. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की वाईत तटावर उभं राहून कुणी कोरडं राहत नाही. घाट जातात, पायऱ्या जातात, पाणी थेट ढोल्या गणपतीच्या देवळापाशी येतं. रास्त्यांच्या त्या देवळाची मागची भिंत मात्र माशासारखी निमुळती बांधलेली आहे, पूर तिच्यावर आदळून दोन्हीकडे फाकावा म्हणून. मला लहानपणी वाटायचं की तटस्थ असेल तर हा गणपती. पाण्यापासून लांब नाही, पाण्यातच आहे, पण वाहून जात नाही. हे चित्र मनात फार रुजलेलं होतं. परवा वही घेऊन बसले तेव्हा मी स्वतःला ती भिंतच समजत होते बहुधा.

आणि वाईच्या माणसाला रामशास्त्री टाळता येत नाही. 'रामशास्त्री बाणा' म्हटलं की आपल्यासमोर भावनांच्या पलीकडे गेलेला एक करडा न्यायाधीश उभा राहतो. पण जरा आठवून बघा. १७७३ सालच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला, शास्त्रीबुवांनी राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं, आणि मग? मग ते शांतपणे दुसऱ्या खटल्याकडे वळले नाहीत. तुम्ही सत्तेवर आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. हा निर्विकार माणूस नव्हे. हा चांगला संतापलेला माणूस आहे. त्यांचा निवाडा निःपक्षपाती होता यात शंका नाही, पण कोरडा होता असं म्हणायला जागा नाही. आपण दोन्ही गोष्टी एकाच फडक्यात बांधून ठेवल्या आहेत, आणि मग वही घेऊन बसलेल्या माझ्यासारखीला वाटतं की चेहरा सपाट ठेवला की न्याय आपोआप होतो.

शब्दांच्या मागे लागल्यावर आणखी एक गंमत दिसली, आणि ती दिसल्यापासून मला जरा धसकाच बसला. या अर्थाचे शब्द टिकत नाहीत. नासतात. इंग्रजीत 'इनडिफरंट' म्हणजे एके काळी भेद न करणारा, समदृष्टी. १६६२ सालच्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात न्यायदान 'इनडिफरंटली' व्हावं अशी चक्क देवाकडे मागणी आहे. आज एखाद्या न्यायाधीशाला कुणी तसं म्हणून बघावं! स्टोइक तत्त्वज्ञांची 'अपाथेइया' म्हणजे विकारांच्या तडाख्यातून सुटलेलं मन, मोठ्या साधनेचं फळ. तिची आजची लेक 'अपथी' सोफ्यावर लोळत पडलेली असते. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा यात काही हितसंबंध नाही असा. तोही आता कंटाळलेल्या माणसाला लावतात, आणि भाषांतरकारांचं रक्त आटतं. आपल्याकडे तरी काय वेगळं? गीतेच्या बाराव्या अध्यायात देवाला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगताना शुचि, दक्ष यांच्या शेजारी 'उदासीन' बसवला आहे. उत्-आसीन, जरा वर, बाजूला बसलेला. ज्ञानोबांनी त्याच अध्यायात समत्वाचं जे झाड उभं केलं आहे, ते तोडायला आलेल्याला आणि लावणाऱ्याला सारखीच सावली देतं. आणि आज? प्रशासन उदासीन, मतदार उदासीन, आणि घरात कुणी जेवलं नाही की 'काय गं, उदास दिसतेस'.

झाडाकडे सावली तरी आहे. पातेल्यातल्या चिठ्ठ्यांकडे काय होतं?

भाषा अशी का वागते, याचं मला सुचलेलं कारण एवढंच आहे की शब्द बाकावर बसलेली माणसं वापरतात. आपल्यापुरतं कुणी थोडंसं झुकावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि जो झुकत नाही त्याला काय म्हणायचं ते तो नाही, आपण ठरवतो. त्यामुळे तुम्ही कितीही उंच शब्द घडवा, समोरच्याच्या हातात जाऊन तो थंडपणावर येऊन थांबतो. 'डिस्पॅशनेट' अजून त्या मानाने ताजा आहे. इंग्रजीत आजही अहवालाला, विश्लेषणाला तो कौतुकानेच लावतात. वाईच्या वाड्याच्या दारात, गाडीची काच वर करता करता, भाचीला लावला तर त्याचं काय होतं, ते कोशात दिलेलं नाही.

मग एका सकाळी दात घासताना मला तो मराठी शब्द सापडला, जो आत्याने गिळला असावा. तिऱ्हाईत. तिसरा माणूस. आपल्याकडे भांडण मिटवायला तिऱ्हाइतालाच बोलावतात, कारण त्याला दोघांचंही काही लागत नाही. 'तिऱ्हाईत माणूससुद्धा हेच म्हणेल' हा वादातला हुकमाचा एक्का. आणि त्याच शब्दाने आपण सर्वांत दुखावलेलं वाक्यही बोलतो: 'सख्खी असून तिऱ्हाइतासारखी वागलीस.' एकाच शब्दात पंचाची खुर्ची आणि उंबऱ्याबाहेरची जागा. आत्याने त्यातली खुर्ची मला इंग्रजीत दिली. उंबऱ्याबाहेरचं स्वतःपाशी ठेवलं. चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला शब्द कुठे गिळायचा हेही येतंच.

पंधरा-वीस दिवसांनी मी फोन केला. हवापाणी झालं, तिच्या गुडघ्यांचं झालं, वाईच्या हळदीचं झालं, आतेभावाने आणलेली तिला पसंत नव्हती. मग मी विचारलंच, "आत्या, तू मला त्या दिवशी डिस्पॅशनेट म्हणालीस. ते चांगलं की वाईट?"

पलीकडे जरा वेळ कुकरचा आवाज येत राहिला.

"वाक्यात उपयोग करून दाखव," आत्या म्हणाली. "मग सांगते."

मी हसले. तीही हसली. मला वाक्य सुचलं नाही, आणि तिने आग्रह धरला नाही. मग ती काकांच्या सुनेबद्दल सांगायला लागली; तिने घंगाळ घासूनपुसून गच्चीत ठेवलंय, त्यात पाणी भरून कमळं लावणार आहे, ग्रुपवर फोटो टाकलाय, बघितलास का? पोच्याची बाजू भिंतीकडे केलीये शहाणीने. मी म्हटलं, बघितला. ती म्हणाली, छान दिसतंय. मी म्हटलं, हो, छान दिसतंय. आणि मग अगदी सहज, फोन ठेवता ठेवता विचारावं तसं तिने विचारलं, "कितव्या नंबरला होतं गं ते? तुझ्या त्या वहीत?"

"सतरा," मी म्हणाले.

वही आतल्या खोलीत, कपाटात होती.